ओलीची कड

३ डिसेंबर १९७३

सकाळच्या एसटीनं भोरहून सारोळ्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीत बसून आंबेटेकला आलो. पाठीची सालटी निघाली. गेलं वर्ष वेल्ह्याकडे विंझरला काढलं, तिथे जळवा होत्या. इथे धूळ आहे. भूगर्भशास्त्रात पहिल्या वर्गात आलो त्याचं हे बक्षीस. माझ्याबरोबरचा तो ढ आपटे पुण्यात पंख्याखाली बसून नकाशे रंगवतो.

खोली दिलीय सोसायटीच्या गोदामामागची. खताच्या पोत्यांचा वास नाकात बसतो तो जेवतानाही उठत नाही. मागच्या भिंतीला लागून बाहेर गुरांचा हौद आहे, तो गळतो, आणि सगळी ओल माझ्या भिंतीत चढते. खाली काळी बुरशी, वर पांढरा लोणा, मधे फुगलेले पोपडे. बोट लावून पाहिलं तर शेंबडासारखं काहीतरी चिकटलं. हात तीनदा धुतले.

गेनबा म्हणून गावातलाच एक रोजंदारीवरचा माणूस खात्यानं मला दिलाय. टेप धरतो, सामान वाहतो, स्वयंपाकही करतो. ज्या बोटांनी तंबाखू मळतो त्याच बोटांनी चहात गूळ टाकतो. प्यालो. काय करणार.

इथे येण्याचं कारण एकदा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःलाच शिव्या देताना सोपं जाईल. मागच्या दुष्काळात गावाच्या वर नाल्यावर पाझर तलाव बांधला. जागा मी काढली होती. तलाव पिण्यासाठी नसतो. पाणी खाली खडकात मुरावं आणि खालच्या विहिरी उन्हाळ्यात टिकाव्यात, एवढंच त्याचं काम. गावची विहीर दरसाल संक्रांतीनंतर तळ दाखवते. मे महिन्यात, गावाच्या बैठकीत, सरबत पिऊन मी सांगून बसलो की यंदा दाखवणार नाही. आता ते खरं होतंय का हे बघायला माझीच नेमणूक.

५ डिसेंबर

तलाव पाहिला. चांगला भरलाय. कडेला हिरवा तवंग, त्यात म्हशी बसलेल्या, एक म्हैस माझ्यादेखत त्यातच मुतली. तरी चव घेतली. आमच्या धंद्याची रीतच ती. आमचे सर म्हणायचे, पाण्याचं कूळ जिभेवर कळतं. पावसाचं ताजं पाणी गोडं लागतं. खडकात वर्षानुवर्षं राहिलेलं पाणी क्षार खाऊन मचूळ होतं. तलावाचं पाणी गोडं, मातकट. थुंकलो, तरी दुपारपर्यंत म्हैस जिभेवर होती.

गावच्या विहिरीचं पाणी मचूळ. पातळी उतरायला लागलीय.

मग खालच्या अंगाला बौद्धवस्तीवर गेलो. गाव त्यांना आपल्या विहिरीला हात लावू देत नाही, म्हणून धर्म बदलला त्या सालात वस्तीनं स्वतःच्या हातांनी वेगळी विहीर खणली. उथळ होती, दिवाळीलाच आटायची. मग वस्तीच्या बायकांनी गावच्या विहिरीशी घागरी मांडून उभं राहायचं, आणि गावातल्या कुणा बाईची मर्जी झाली की तिनं वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचं. ऐकून शिसारी आली. काय माणसं आहेत. मी गेनबाला चांगलं सुनावलं. तो म्हणाला, "आमी कुठं न्हाई म्हनतो साहेब? घालतोच की पानी."

यंदा मात्र वस्तीची विहीर गळ्यापर्यंत भरलेली. मी बघतच राहिलो. विहिरीसमोर घर कुंडलिकचं. पलटणीतून पेन्शनवर आलेला, ताठ, शर्टाला इस्त्री. त्याची बायको रतनबाई. त्यानं खाट टाकली आणि सांगायला लागला की मागच्या उन्हाळ्यात वस्तीनं मिळून विहिरीत सुरुंग लावले, खाली नेली, दगड कसा फुटला, कोण कसा वाचला. पलटणीतल्या माणसाला सुरुंगाचं कौतुक असायचंच. मी हो हो केलं. त्यानं चहा विचारला. म्हटलं, आत्ताच झाला. मला ते जातपात काही नाही, पण पोटाची खात्री नाही, आणि दिवसात किती चहा प्यायचा याला मर्यादा आहे.

चव घ्यायची राहिली. विहिरीच्या तोंडाशी कोंबड्या होत्या, चिखल होता. गेनबाला म्हटलं, जा, तू घेऊन ये. तो बाभळीआड विहिरीकडे गेला आणि मिशा पुसत आला. "तळ्याचंच हाय साहेब. गोडं." मिशा कोरड्या दिसल्या, पण ऊनही कडक होतं. तशी नोंद केली.

जेवण साहेबरावांकडे. हे सरपंच. तलावात त्यांची जमीन गेली आहे आणि हे ते वाक्यागणिक सांगतात. रस्सा तेलात पोहत होता. पाण्याच्या तांब्यात मुंगी होती, ती काढून प्यालो.

१२ डिसेंबर

आज कुठे गेलो नाही. आलेखाच्या कागदावर गावाचा नकाशा काढला, चौकोन पाडले. जिथे विहिरीला किंवा खड्ड्याला पाणी धरून आहे ते चौकोन पेन्सिलीनं भरले. कागदावर ओलीचे पुंजके दिसायला लागले. एक तलावाखाली, एक वस्तीभोवती, एक-दोन मधेच एकटे.

हे मला आवडतं, हे कबूल केलं पाहिजे. या सगळ्या घाणीत एवढंच आवडतं. आपला काळा खडक बाहेरून एकसंध दिसतो पण आत भेगांचा नुसता गोंधळ. कुठली भेग कुठल्या भेगेला मिळेल याला नियम नाही. पाणी सोपी वाट धरत जातं, पुढे वाट बुजली की थांबतं, बाजूला सरकतं. ओलीचे पुंजके आपापले वाढत राहतात, आणि कधीतरी दोघांच्या मधली एखादी बारीक भेग भरली की दोन पुंजक्यांचा एक होतो. मग सगळीकडे एकदम पाणी. दोन शेजारच्या विहिरींत एक तुडुंब आणि एक ठणठणीत का, हे लोकांना देवाचं वाटतं. ते फक्त कोणाची भेग कोणाला मिळाली एवढंच असतं.

माझ्या भिंतीवरही तेच चाललंय. ओलीची कड सरळ रेषेत चढत नाही. एके ठिकाणी वीतभर वर, शेजारी एका कठीण दगडापाशी अडून बसलेली. त्या कडेवर पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख घातली. वास मारतोच आहे तर निदान शास्त्र तरी होऊ दे.

निष्कर्ष असा की तलावाचा पुंजका वस्तीपर्यंत पोचला, गावच्या विहिरीपर्यंत नाही. गेनबानं सांगितलेली चवही तेच म्हणते.

२१ डिसेंबर

हा निष्कर्ष मी मूर्खासारखा चहा पिता पिता साहेबरावांना सांगितला.

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्या कपात माशी पडली होती, तरी मी पीत होतो, कारण त्यांच्या तोंडाकडे बघताना माशीचा विसर पडला. म्हणाले, "म्हंजी जमीन माजी, घाम गावाचा, आन् पानी त्येंच्या हिरीत?"

मी म्हटलं, खडकाला ते कळत नाही.

"खडकाला कळत नसंल. तुमाला कळतंय न्हवं?" आणि हसले. हसताना पानाचा रस ओठाच्या कोपऱ्यात गोळा झाला. किळसवाणा माणूस. पण पाटावर बसवून जेवू घालतो.

१४ जानेवारी १९७४

संक्रांत. गावच्या विहिरीत तळाचा दगड दिसायला लागला. बायका खोल वाकून शेंदतात, घागर खरवडल्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो.

सकाळपासून तिळगूळ द्यायला माणसं आली, आणि प्रत्येकानं तेच ऐकवलं, "तिळगूळ घ्या साहेब, पानी द्या." साहेबरावांची बायको चंद्राबाई तर हातावर एकच दाणा ठेवून म्हणाली, "यवढंच हाय बगा हिरीत." बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मे महिन्यातलं सरबत आत्ता घशाशी आलं.

दुपारी कुंडलिक आणि रतनबाई आले. दारातच उभे राहिले, मी या म्हटलं तरी आत आले नाहीत. खोलीच्या वासामुळे असेल. रतनबाईनं तिळगूळ कागदात बांधून आणला होता, तो खिडकीत ठेवला. मी म्हटलं, यंदा तुमची चैन आहे, विहीर भरलीय. तर ती म्हणते, "भरलीया खरी, पर डाळ शिजना त्या पान्यात. चार-चार येळ उकळी द्यावी लागती. सरपन लई जातं."

माणसाला काही म्हणता काही पुरत नाही. काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या दारात घागर मांडून उभ्या होत्या, आज पाणी मिळालं तर डाळ शिजत नाही म्हणून तक्रार. सगळे एका माळेचे मणी.

कागदातला तिळगूळ खिडकीतच राहिला. मुंग्यांनी खाल्ला.

१९ जानेवारी

भिंतीवरची कड त्याच कठीण दगडाशी अडून आहे. महिना झाला, रेघेवर रेघ ओढतोय. मला तिचा राग यायला लागलाय.

२२ जानेवारी

भोरला आमच्या खात्याच्या डेप्युटी इंजिनियरांकडे जाऊन आलो. साहेबराव माझ्या आधीच तिथे पोचून, चहा पिऊन परत निघाले होते. डेप्युटी म्हणाले, "अहो, तलावाच्या उजव्या टोकाला पाणी शिरून वस्तीकडे जातंय म्हणे. ती गळती आहे. गळती बंद करायची असते, म्हणजे पाणी गावाकडे वळतं."

मी म्हटलं, साहेब, पाझर तलाव आहे, पाणी शिरायलाच हवं.

"पाहिजे तिकडे शिरलं तर पाझर, नको तिकडे गेलं तर गळती. करून टाका. आणि मग तुमच्या पुण्याच्या बदलीचं बघू."

माणूस हे बोलताना कानात काडी घालून मळ काढत होता, आणि काढलेला मळ निरखत होता. मी तिकडेच बघत राहिलो आणि बरं म्हणालो.

परत येताना गावच्या विहिरीवर थांबलो. तळाशी उरलेलं पाणी चाखलं. थोडं गोडसर लागलं. गेनबाच्या गुळाच्या चहानं माझी जीभ पार कामातून गेलेली दिसते.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून कुंडलिक सरळ माझ्याकडे आला. शर्टावर पदकं लावलेली. गावानं त्याला मागच्या रांगेत उभं केलं होतं, ते मी पाहिलं होतं. मला ते अजिबात पटलं नव्हतं.

"साहेब, आमचं पानी बंद करताय म्हनं?"

मी म्हटलं, "तलावाची गळती बंद करतोय."

"त्येच की. तुमी म्हनता आमच्या हिरीत तळ्याचं पानी येतंय. आमी म्हनतो आमी सुरुंग लावला, दगड फुटला, आमचं पानी आमाला घावलं. तुमी शिकलेलं हाय, तुमचं खरं असंल. पर तुमी समद्या हिरींचं पानी चाखताना म्या बगितलंय. आमचं चाखलं का?"

"चव घेतलेली आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. गेनबा माझ्या वतीनं गेला होता.

त्यानं छातीवरची पदकं सारखी केली. मग म्हणाला, "पानी तुटलं तर आमच्या बायका परत त्या हिरीवर उभ्या ऱ्हायच्या न्हाईत. आमी गाव सोडू, पर उभ्या ऱ्हायच्या न्हाईत. येवडं सांगाया आलतो." सॅल्यूट करावा तसा हात उचलला, अर्ध्यावर आवरला आणि गेला.

मला या सगळ्यांचा वीट आलाय. साहेबरावांचा, डेप्युटीचा, याच्या पदकांचा. दुसऱ्याच्या भानगडीत मी का नासायचं? मी गेलो काय, दुसरा येईल आणि हेच करील. वरून तो आपट्यासारखा ढ असेल.

२९ जानेवारी

केलं.

रीत जुनी आहे, मी पुस्तकात वाचली होती, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. उजव्या टोकाशी पाणी गुडघाभर आलंय, खाली भेगाळलेला खडक आहे. काडी टाकली की ती हळूहळू त्या कोपऱ्याकडे सरकत जाते, म्हणजे पाणी तिथे आत शिरतंय. गावानं बैलगाड्यांतून काळी चिकण माती आणून तिथे ओतली, आणि मग सगळ्या गावाचे रेडे आणि म्हशी त्यात घातल्या. मागून पोरंठोरं, माणसं काठ्या घेऊन हाकतायत, जनावरं गोल गोल फिरतायत, तुडवतायत. माती, शेण, मूत, सगळं कालवून त्याचा लगदा. तो लगदा भेगांत बसतो आणि सिमेंटापेक्षा पक्का होतो. एकदा बसला की तळं आटल्याशिवाय निघत नाही.

साहेबराव काठावर नारळ घेऊन उभे. नारळ मला फोडायला लावला. माझ्या पॅंटवर, चष्म्यावर, ओठावर तो चिखल उडाला. सगळे हसले, मीही हसलो. पहिल्यांदाच त्यांच्यातला झाल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी उलटी आली. बांधाआड जाऊन केली.

गेनबा संध्याकाळी म्हणाला, "साहेब, गावच्या हिरीला आज उगवतीच्या अंगाला घाम आलाया. दगड वले झाल्यात." थंडीत दगडावर दव बसतं. त्याला तेवढंही माहीत नाही.

संध्याकाळी काडी टाकून पाहिली. जागच्या जागी राहिली. काम चोख झालं.

३१ जानेवारी

सकाळी उठलो तर भिंतीवरची ओल माझ्या सगळ्या रेघा ओलांडून खांद्याएवढी वर गेली होती. दीड महिना त्या दगडाशी अडलेली कड एका रात्रीत, एका उडीत. मी चष्मा पुसून पाहिलं. आत कुठेतरी थेंबथेंब साचत राहिलं असणार, आणि त्या दगडाची एकच खपली सुटली असणार. म्हणजे कड अडलेली दिसते तेव्हा ती थांबलेली नसते. बाहेरून कळत नाही, एवढंच.

फार सुंदर गोष्ट आहे. सरांना कळवली पाहिजे.

मग वाटलं, गावच्या विहिरीच्या बाबतीतही जर

भात करपला. गेनबाला शंभरदा सांगितलंय की लक्ष ठेव.

१७ फेब्रुवारी

गावची विहीर कोरडी. पूर्ण. संक्रांतीपासून जो तळाला वीतभर साठा होता तो संपला. उगवतीच्या अंगाचे दगड पुन्हा पांढरे पडले.

तलाव मात्र आहे तसा. पाझर तलाव पाझरत नाही. उन्हानं उतरेल तेवढाच उतरतो. बायका तिथून फडक्यानं गाळून पाणी आणतायत. त्या हिरव्या तवंगाखालून. गावात दोघांच्या पायाला नारू निघालाय, मागच्या दुष्काळात डबक्याचं पाणी प्यायल्याचा. एकाचा गेनबानं मला दाखवायला आणला, पायातून दोऱ्यासारखा पांढरा लोंबत होता, काडीला गुंडाळलेला. त्या दिवशी जेवलो नाही.

आणि वस्तीची विहीर?

तिथे गेनबाला पाठवलं. येऊन म्हणाला, "हाय तेवढीच हाय. गळ्यापातूर."

मी म्हटलं, शक्यच नाही.

२० फेब्रुवारी

स्वतः टेप टाकून आलो. गळ्यापर्यंत. अंगुळभरही फरक नाही. कुंडलिक दारात उभा राहून बघत होता. त्याचं ते बघणं मला फार लागलं.

कागद काढला. चौकोन पुन्हा पाहिले. वस्तीचा पुंजका तलावाला जोडणारी रेघ मी काढली होती ती एकाच आधारावर. चव. मी गेनबाला बोलावलं आणि विचारलं, त्या दिवशी तू पाणी खरंच प्यालास का?

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. "म्या नव्हतं घेतलं तोंडात. कसं घ्यावं साहेब? कुनी बगितलं असतं तर घरात घेतलं नसतं."

मी त्याला जे बोललो ते लिहीत नाही. माणूस आहेस का जनावर, काय काय म्हणालो. अडाणी, जातीयवादी, शास्त्राचा सत्यानाश केलास. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग तुमी का न्हाई घेतलं?"

मी सांगितलं, कोंबड्या होत्या.

५ मार्च

आज जे झालं ते सगळं लिहून काढतो.

सकाळी साहेबराव स्वतः आले. दाढी वाढलेली, पान नाही. घरात नारूच्या भीतीनं कुणी पाणी पीत नाही म्हणाले. वस्तीच्या विहिरीवर बायका गेल्यात, तुम्ही चला, तिथं काही वाकडं व्हायला नको. आणि तिथं ते पाणी आमच्या तळ्याचं आहे हे तेवढं सगळ्यांदेखत सांगा. म्हणजे बायकांना बरं वाटेल. आपलंच पाणी प्यायलो असं होईल.

गेलो. गावच्या बायका विहिरीपासून दहा पावलांवर घागरी मांडून उभ्या होत्या. चंद्राबाई पुढे. पदर नाकाशी. कुणी पुढे होईना, कुणी मागेही जाईना. विहिरीच्या काठावर दोर आणि बादली ठेवलेली. ओट्यावर रतनबाई तांदूळ निवडत बसलेली, मान वर न करता.

बराच वेळ गेला. शेवटी चंद्राबाई म्हणाली, "रतने, घाल की गं दोन घागरी."

रतनबाईनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. कुंडलिक घरातून बाहेर आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "दोर हाय, बादली हाय. ज्याला पायजे त्यानं वडावं आन् प्यावं. हितं कुनी कुनाला वरनं घालत न्हाई."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोराला हात लावायचा म्हणजे काय, ते प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. साहेबराव माझ्या पाठीवर बोट टोचून म्हणाले, "सांगा साहेब, सांगा. तळ्याचंच हाय म्हनावं."

कुंडलिकनं ऐकलं. माझ्याकडे वळला. "सांगा की साहेब. पर चाखून सांगा."

मी पुढे झालो. विहिरीपाशी गेलो आणि माझ्या नकळत ओंजळ पुढे धरली. कोणीतरी वरून ओतेल म्हणून. वाकून, हात जुळवून, तसाच उभा होतो. रतनबाईनं माझ्या ओंजळीकडे पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. कुणीतरी मागे हसलं, गेनबा असावा.

ओंजळ सोडली. दोर घेतला. दोर राठ होता, ओला होता. बादली वर ओढली, काठावर ठेवली आणि चूळभर तोंडात घेतलं.

मचूळ. जिभेच्या कडांना चरचरलं. वर्षानुवर्षं खडकात बसलेलं पाणी. तलावाच्या गोड्या पाण्याचा त्यात एक थेंब नव्हता. डाळ कशी शिजणार? सुरुंगानं त्यांना त्यांच्या दगडातलं पाणी मिळालं होतं, आणि ते त्यांनी मला खाटेवर बसवून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि तलावाचं पाणी गोगलगायीसारखं गावच्याच विहिरीकडे निघालं होतं. जानेवारीत ते पोचलंही होतं. मी ते चाखलं होतं. गोडसर लागलं होतं.

"काय हो?" चंद्राबाईनं विचारलं. "तळ्याचं हाय न्हवं?"

मला हो म्हणता आलं असतं. साहेबरावांना तेच हवं होतं, डेप्युटीलाही चाललं असतं, आणि मी परवा पुण्याला गेलो असतो. पण तोंडात ते पाणी होतं आणि ते गिळल्याशिवाय बोलता येत नव्हतं. गिळलं.

"नाही," म्हणालो. "हे यांचंच आहे. पहिल्यापासून."

"मग आमचं कुठं गेलं?"

मी वर तलावाकडे हात केला. "तुमच्याकडेच येत होतं. आपण तुडवलं."

साहेबराव काहीतरी ओरडले, मला ते ऐकू आलं नाही. चंद्राबाई माझ्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. नारळ कुणी फोडला आणि म्हशी कुणाच्या होत्या हे तिला आठवत असणार. तिनं पदर नाकावरून काढून कमरेला खोचला, पुढे आली आणि माझ्या हातातला दोर घेतला. बादली सोडली. तिच्यामागे दुसरी आली.

रतनबाई तांदूळ निवडतच होती. पण तिच्या हाताचा वेग कमी झाला होता, एवढं मी पाहिलं.

खोलीवर आलो. हौद आटलाय, त्यामुळे भिंतही वाळली. ओलीची कड जिथपर्यंत चढली होती तिथे पांढरी, खारट रेघ राहिलीय. पेन्सिलीच्या रेघांच्या कितीतरी वर.

उकळलेल्या पाण्यानं तीनदा चूळ भरली. मचूळ चव गेली नाही. मग लक्षात आलं की मी चूळ का भरतोय, आणि तांब्या खाली ठेवला.